‘सेव्ह’ दाबलं की थांबायचं? दुकानातला फाइल सर्व्हर हळू का लिहितो, आणि नवीन मशीन न घेता त्याचा वेग कसा वाढवायचा



फोटो स्टुडिओ, डीटीपी, डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग. यातला कुठलाही धंदा सुरू करा, पहिल्या वर्षभरात एक गोष्ट नक्की होते. एका मशीनची दोन होतात, दोनाची चार. मग पेन ड्राइव्ह इकडून तिकडे फिरवण्याचा कंटाळा येतो आणि आपण एक सामाईक फाइल सर्व्हर बसवतो. लिनक्सची मशीन असतील तर बहुतेक वेळा तो चालतो एनएफएसवर, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिमवर. सर्व्हरवरचं फोल्डर प्रत्येक मशीनवर आपलंच असल्यासारखं दिसतं. फुकट आहे, टिकाऊ आहे, जुन्या पीसीवरसुद्धा चालतं.

आणि मग तक्रार सुरू होते: “सर, फाइल उघडते पटकन, पण सेव्ह करायला लई वेळ लागतो.”

या विषयावरच्या व्हिडिओत मी कमांड स्क्रीनवर टाइप करून दाखवल्यात. इथे त्यामागचा विचार लिहितोय. कारण कमांड कॉपी करणं सोपं आहे, पण कुठली कमांड आपल्या धंद्याला मारक आहे हे कळणं जास्त महत्त्वाचं.

आधी थांबण्याची किंमत काढू

समजा तुमच्याकडे चार ऑपरेटर आहेत आणि प्रत्येकाची दिवसाला २० मिनिटं सेव्ह आणि कॉपीची वाट बघण्यात जातात. दिवसाची ८० मिनिटं. महिन्याचे २५ दिवस धरले तर २००० मिनिटं, म्हणजे ३३ तासांहून जास्त. पगार महिना १५,००० आणि कामाचे तास २०८ धरले तर तासाला साधारण ७२ रुपये पडतात. म्हणजे महिन्याला सुमारे २,४०० रुपये नुसते वाट बघण्यात गेले. वर्षाचे झाले २८,८०० रुपये. आणि हे नुसतं पगाराचं गणित झालं. लग्नसराईत डिलिव्हरी लांबली तर गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं ते वेगळंच.

म्हणून हा ‘कॉम्प्युटरवाल्याचा’ प्रश्न नाही, मालकाचा प्रश्न आहे.

गोडाऊन आणि पोचपावती

लिहिण्याचा वेग समजून घ्यायला आपल्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ. तुमचं मशीन म्हणजे दुकान, सर्व्हर म्हणजे गोडाऊन, केबल म्हणजे टेम्पो. तुम्ही माल पाठवला, आता पोचपावतीवर सही कधी मिळणार?

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये बनवलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत नियम एकदम कडक होता. माल प्रत्यक्ष रॅकवर लागल्याशिवाय, म्हणजे डिस्कवर पक्का लिहिल्याशिवाय, सही नाही. शिवाय एका विनंतीत जास्तीत जास्त ८ केबी. छोटी खेप, सही, पुन्हा छोटी खेप, पुन्हा सही. हिशोब चोख, पण काम हळू.

१९९५ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिने हुशारी केली. आता गोडाऊनवाला म्हणतो, “माल उतरवून घेतला, पण अजून रॅकवर लावला नाही. पाठवत राहा.” सर्व्हर माल मेमरीत घेत जातो. शेवटी तुमचं मशीन एकदाच विचारतं, “सगळं रॅकवर लागलं का?” या विचारण्याला ‘कमिट’ म्हणतात. कमिटला ‘हो’ आलं की मगच तुमचं मशीन आपल्याकडची प्रत सोडतं.

आणि मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला तर? सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक ओळख-आकडा देतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला की हा आकडा बदलतो. आकडा बदललेला दिसला की तुमचं मशीन समजतं की मधला माल हरवला असणार, आणि ते तो पुन्हा पाठवतं. म्हणजे वेगही मिळाला आणि मालाची हमीही राहिली. ही हमी लक्षात ठेवा, पुढे मोठा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

पैसे काढण्याआधी तीन मोजमापं

गेल्या वर्षी एक फोटो-व्हिडिओ स्टुडिओवाले दादा आमच्या दुकानात आले. चार एडिटिंग मशीन, सगळी लिनक्सवर. हातात नव्या सर्व्हरचं पाऊण लाखाच्या वरचं कोटेशन. म्हणाले, “सर्व्हर बदलायचाच आहे, फक्त भाव बघून सांगा.” मी म्हटलं, “दादा, आधी तासभर मोजू, मग बोलू.”

मोजायच्या गोष्टी तीनच:

१. सर्व्हरची डिस्क एकटी किती वेगाने लिहिते? सर्व्हरवरच बसून डीडी कमांडने २ जीबीची फाइल लिहायची. शेवटी एफसिंकचा पर्याय द्यायचा, नाहीतर माल मेमरीत गेला की कमांड ‘झालं’ म्हणते आणि आकडा खोटा फुगलेला येतो. डिस्कवर कॉम्प्रेशन चालू असेल तर नुसत्या शून्यांच्या फाइलने मोजू नका, खरी व्हिडिओ फाइल घ्या.

२. नेटवर्क एकटं किती वेगाने नेतं? यासाठी आयपर्फ-३ नावाचं फुकट टूल आहे. ते डिस्कला हातच लावत नाही, फक्त केबल आणि स्विच तपासतं.

३. दोन्ही मिळून किती? एडिटिंग मशीनवरून एनएफएसच्या फोल्डरमध्ये तीच फाइल लिहायची.

दादांच्या स्टुडिओत डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या आसपास लिहीत होती. म्हणजे सर्व्हर तंदुरुस्त! नेटवर्कचा आकडा आला ९४ मेगाबिट. तिथेच उत्तर सापडलं.

केबल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

९४ मेगाबिट हा आकडा दिसला की समजायचं, लाइन १०० मेगाबिटवर चाललीय. १०० मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला साडेबारा एमबी, हातात येतात ११ च्या आसपास. गिगाबिट लाइन असेल तर तेच ११० च्या आसपास येतात. दहापट फरक!

हे का होतं? दोन कारणं नेहमीची. पहिलं, सगळी मशीन इंटरनेटच्या राऊटरलाच जोडलेली असतात, आणि बऱ्याच स्वस्त राऊटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. दुसरं, केबल. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. क्रिंपिंग करताना एक तार नीट बसली नाही तर लाइन तुटत नाही, ती गुपचूप १०० वर उतरते. इंटरनेट चालू, प्रिंट निघते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

दादांकडे दोन्ही गोष्टी होत्या. आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच बसवला, तो दोन हजारांच्या आत मिळतो. तीन केबलींचे कनेक्टर नव्याने मारले. पुन्हा मोजलं तर ९४० मेगाबिट, आणि एनएफएसमधून १०० एमबीच्या वर. ६४ जीबीचं कार्ड सर्व्हरवर उतरवायला ११ एमबीच्या वेगाने दीड तासाच्या वर लागतो. तेच काम कार्ड आणि रीडर साथ देत असतील तर दहा-बारा मिनिटांत होतं.

कोटेशन दादांनी घडी करून खिशात ठेवलं.

कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर येऊन का अडकते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पट्टी सुसाट धावते, शेवटाला येते आणि मग पाच मिनिटं तिथेच.

लिनक्स लिहायचा माल आधी आपल्या रॅममध्ये जमा करतं. किती जमा होऊ द्यायचा याची मर्यादा असते, ती मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर हे ३ जीबीच्या आसपास होतं. रॅममध्ये टाकायला काही सेकंद लागतात म्हणून पट्टी धावते. पण एनएफएसचा नियम असा की फाइल बंद करताना सगळा माल सर्व्हरवर पोचलाच पाहिजे, म्हणजे दुसऱ्या मशीनने ती उघडली तर तिला ताजी फाइल मिळेल. मग ते ३ जीबी ११ एमबीच्या वेगाने जायला साडेचार मिनिटं. तेवढा वेळ पट्टी अडकलेली.

म्हणजे मशीन हँग झालेलं नसतं, ते माल पोचवत असतं. ऑपरेटरला हे समजावून सांगा, कारण याच वेळी तो वैतागून पॉवरचं बटण दाबतो. ही मर्यादा कमी केली तर पट्टी खरं बोलायला लागते. एकूण वेळ मात्र वाचत नाही, तो वाचतो केबल आणि डिस्क सुधारूनच.

सेटिंग: कुठलं कामाचं, कुठलं नुसतं नावाचं

इंटरनेटवर ‘एनएफएस फास्ट करा’ म्हणून लांबलचक ओळी मिळतात. त्यातल्या गोष्टी एकेक करून बघू.

*डब्ल्यूसाइझ*, म्हणजे एका खेपेत किती माल. जुन्या ट्यूटोरियलमध्ये ८ केबी किंवा ३२ केबी लिहिलेलं असतं. आजच्या लिनक्समध्ये हा आकडा १ एमबीपर्यंत जातो. आपण काहीच लिहिलं नाही तर मशीन आणि सर्व्हर आपसात बोलून तो ठरवतात. त्यामुळे जुनी ओळ कॉपी केली तर वेग वाढायच्या ऐवजी कमी होतो! एनएफएसस्टॅट कमांडला एम पर्याय देऊन सध्याचा आकडा बघा. मोठा असेल तर हात लावू नका.

*सर्व्हरचे थ्रेड*, म्हणजे गोडाऊनमधले हमाल. बराच काळ मूळ आकडा ८ होता. चार माणसांच्या ऑफिसला तो पुरतो. पंधरा-वीस मशीन एकदम लिहीत असतील तर १६ किंवा ३२ करून बघा, आणि बदलानंतर पुन्हा मोजा.

*एनकनेक्ट*, म्हणजे एकाऐवजी अनेक जोडण्या. हा पर्याय लिनक्स कर्नल ५.३ पासून आहे. दहा गिगाबिटच्या नेटवर्कवर उपयोगी. साध्या गिगाबिटवर एकच जोडणी लाइन भरून टाकते, त्यामुळे फरक पडत नाही.

*नोएटाइम*. तुमच्या मशीनवर एनएफएस माउंट करताना हा लिहिला तरी त्याचा परिणाम होत नाही. एनएफएसच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय.

*सॉफ्ट माउंट*. याने वेग वाढतो असं काही जण सांगतात. सर्व्हर वेळेत बोलला नाही तर सॉफ्ट माउंट प्रयत्न सोडून देतो आणि प्रोग्रामला एरर देतो. प्रोग्रामने ती एरर नीट हाताळली नाही तर अर्धवट फाइल राहते. लिहिण्याच्या कामाला हार्डच ठेवा, मूळ सेटिंग तेच आहे.

बारीक फाइलींचा खरा त्रास

आता सगळं बरोबर आहे, मोठा व्हिडिओ १०० एमबीने जातो, पण ३,००० छोट्या फोटोंचं फोल्डर रेंगाळतं. का?

कारण प्रत्येक फाइलसाठी वेगळी पावती. फाइल तयार कर, लिही, कमिट कर, बंद कर. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांच्या वर. पक्कं लिहायचं म्हटलं की असे काही फेरे जातातच. हिशोबासाठी फाइलमागे ३० मिलिसेकंद धरा. ३,००० फाइलींना झाले ९० सेकंद, आणि यात फाइलचा आकार आलाच नाही. तेच ६०० एमबी एका टार फाइलमध्ये बांधून पाठवले तर गिगाबिटवर सहा सेकंदांत पोचतात.

मग करायचं काय? जुनं काम सर्व्हरवर हलवताना एक गठ्ठा बांधा आणि गठ्ठाच हलवा. सोडायचा असेल तर सर्व्हरवर लॉगिन करून तिथेच सोडा. एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅश आणि थंबनेल सर्व्हरवर ठेवूच नका, ती त्या-त्या मशीनच्या एसएसडीवर जाऊ द्या. या एका बदलाने रोजची निम्मी कुरकुर थांबते.

डिस्क घेणारच असाल तर तीन गोष्टी दुकानदाराला विचारा. हार्ड डिस्क एसएमआर प्रकारची तर नाही ना? ती सलग जास्त लिहिताना खूप मंदावते, सर्व्हरला सीएमआर घ्या. एसएसडी घेताय तर तिच्यात लाइट गेल्यावर माल वाचवणारे कपॅसिटर आहेत का? ते असतील तर डिस्क पावतीही पटकन देते. आणि कुणी रेड-५ सुचवत असेल तर त्यांना सांगा की आपलं काम बारीक लिहिण्याचं आहे. तिथे एका छोट्या लिखाणासाठी दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं.

आता तो मोठा निर्णय: सिंक की एसिंक?

सर्व्हरच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये एक शब्द बदलला की बारीक फाइलींचा वेग एकदम कितीतरी पटींनी वाढतो. सिंकच्या जागी एसिंक. बरेच टेक्निशियन हेच करून देतात आणि मालक खूश होतो.

पण या शब्दाने नेमकं काय होतं ते बघा. गोडाऊनवाला टेम्पो दारात दिसला की लगेच सही करतो, “माल रॅकवर लागला.” लागलेला नसतो. कमिटलासुद्धा तो ‘हो’च म्हणतो. तुमचं मशीन त्या सहीवर विश्वास ठेवून आपली प्रत सोडून देतं. एवढ्यात लाइट गेली, सर्व्हर बंद पडला, तर मेमरीतला माल गेला. मशीनकडे परत पाठवायला काहीच उरलेलं नाही. ती हमी, जी मी वर लक्षात ठेवायला सांगितली, तीच या एका शब्दाने मोडते. लिनक्सच्या जुन्या एनएफएस टूलमध्ये एसिंक हेच मूळ सेटिंग होतं. १.०.० च्या पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत ते बदलून सिंक केलं गेलं.

स्टुडिओचा रोजचा क्रम आठवा. कार्ड कॉपी झालं, पट्टी संपली, आणि पोराने लगेच कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला नेलं. फोटो कुठे आहेत? सर्व्हरने सही केलीय, पण डिस्कवर आहेत की नाहीत देव जाणे. सप्तपदी पुन्हा करा असं कुणाला सांगणार? ॲडव्हान्स परत देता येतो, क्षण परत देता येत नाही.

“सर, यूपीएस आहे ना?” यूपीएस हवाच. पण सर्व्हरचा एसएमपीएस उडाला, ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली, कुणाचा पाय वायरीत अडकला, तर यूपीएस काय करणार? शिवाय बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप नीट बंद व्हायला यूपीएस यूएसबीने जोडलेला आणि त्याचं सॉफ्टवेअर लावलेलं असावं लागतं. हे किती जणांकडे असतं?

माझा सल्ला सरळ आहे. फोल्डरचे दोन भाग करा:

- परत न मिळणारा माल: मूळ फोटो, मूळ व्हिडिओ, गिऱ्हाइकाच्या फायनल फाइली, हिशोब. इथे सिंक. यावर तडजोड नाही.
- पुन्हा तयार होणारा माल: रेंडरची तात्पुरती फाइल, प्रिव्ह्यू. वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. इथे एसिंक चालेल, कारण गेलं तर वेळ जाईल, इज्जत जाणार नाही.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आरशासारख्या जोडीत लावलेल्या दोन डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून जातं.

विंडोजवाल्यांसाठी

तुमची मशीन विंडोजची असतील तर सर्व्हरवर सांबा चालत असण्याची शक्यता जास्त. सेटिंगची नावं बदलतील, पण डिस्क, नेटवर्क आणि दोन्ही मिळून, ही तीन मोजमापं तशीच लागू. केबल आणि बारीक फाइलींचं गणितही तेच.

या आठवड्याचं काम

१. तिन्ही आकडे मोजा आणि तारखेसकट वहीत लिहा.
२. प्रत्येक मशीनची लाइन १००० वर आहे का ते इथटूल कमांडने बघा. १०० दिसली की केबल आणि पोर्ट तपासा.
३. एक्सपोर्ट फाइल उघडून सिंक आहे की एसिंक ते बघा. टेक्निशियनने बदललं असेल तर का, ते विचारा.
४. कॅश आणि प्रिव्ह्यू मशीनच्या स्वतःच्या एसएसडीवर हलवा.
५. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केले तर कुठला कामी आला ते कधीच कळत नाही.

मित्रांनो, धंद्यात नवीन वस्तू घेणं सगळ्यात सोपं असतं, कारण त्यात विचार करावा लागत नाही. मोजायला तासभर लागतो. पण तो तास झाला की विकणाऱ्यासमोर तुम्ही आकडे घेऊन बसता, आणि मग कोटेशन त्याचं असलं तरी निर्णय तुमचा असतो.

वहीतले तीन आकडे घेऊनच पुढच्या व्हिडिओला या. त्यात आपण स्वस्तात दुसरी प्रत ठेवायची पद्धत, म्हणजे रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप, बसवणार आहोत. तोपर्यंत कार्ड जपून ठेवा!